पायाशी ठेवलेला दिवा

कौतिक पाटलाच्या भावकीत लेक सासरी जाते ती दिवा घेऊनच. माहेरच्या देव्हाऱ्यातल्या समईवर लावलेला दिवा नवरीनं स्वतः सांभाळून न्यायचा आणि सासरची पहिली चूल त्याच ज्योतीवर पेटवायची, अशी रीत. ती कुणी घातली, कधी घातली, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पारोळ्याजवळच्या त्या गावात विचारण्यासारखं दुसरंही पुष्कळ होतं आणि तेही कुणी विचारत नव्हतं.

थोरली लेक तानू निघाली तेव्हा बैलगाडी बोरी नदीच्या पात्रात उतरली, वारा सुटला आणि दिवा विझला. गाडीवानानं काडी ओढून परत लावला, कुणाला सांगू नका म्हणाला, आणि अर्थातच संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांना कळलं. वर्षाच्या आत तानू बाळंतपणात गेली. आडवं आलेलं मूल, पुराचं पाणी, नदीपलीकडं अडकलेली सुईण, यातलं काही कुणी बोललं नाही. सगळे दिव्यावर बोलले. कौतिकही तेच बोलला. माणसाला रडायला काहीतरी कारण लागतं, आणि पुराला शिव्या देण्यापेक्षा दिव्याला दोष देणं सोपं होतं.

म्हणून धाकट्या वच्छलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याची गत दुधानं तोंड पोळलेल्यासारखी झाली. साखरपुडा झाला त्याच आठवड्यात तो पारोळ्याला गेला आणि पत्र्याचं काम करणाऱ्याकडून दिव्यासाठी एक घर करून घेतलं. तीन बाजूंना काच, चौथ्या बाजूला पत्र्याचं दार, वर धूर जायला बारीक भोकं. आत तिळाच्या तेलाचा दिवा. घरी आणल्यावर खळ्यात उफणणी चालू होती तिथं तो ते घेऊन वाऱ्याच्या तोंडाला उभा राहिला. भुसा त्याच्या मिशांत भरला, पण ज्योत हलली नाही. मग त्यानं भोकांवर तोंड ठेवून फुंकर घातली, तरी विझेना. "पाह्य व," तो बायकोला, सुंदरबाईला म्हणाला, "देवनी जरी फुक मारी तरी विझाव नही." सुंदरबाई म्हणाली, देवाला कशाला मध्ये आणता. पण तिलाही बरं वाटलं.

व्याही झुलालशेठ मूळचे इकडचेच, पण धुळ्यात कापसाच्या धंद्यात वर आलेले. बोलणं शहरी झालं होतं, डोक्यावरची टोपी शहरी झाली होती, आणि सून बैलगाडीतून आणायची नाही असं त्यांनी बायकोच्या देखत जाहीर करून टाकलं होतं. गावात पहिल्यांदाच लग्नाची मोटार आली ती अशी. उघडी, वर कापडाचं छत, पुढं पितळी दिवे आणि चाकांच्या वर लांबलचक पंख. भाड्याची होती, पण गावाला काय त्याचं? पोरंसोरं तर सोडाच, सत्तर वर्षांचे म्हातारेही तिच्या पितळेत तोंड पाहून गेले.

मोटार मांडवाच्या सावलीत उभी केली होती. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर मोटारीच्या पोटाखाली ओलं. थेंब थेंब गळून धुळीत ताटाएवढा डाग पडलेला. सुंदरबाईचा भाऊ वना, म्हणजे नवरीचा मामा, आधीच थट्टेखोर, त्यात लग्नघर. तो कमरेवर हात ठेवून ओरडला, "अरे, बैल मुतस तशी मोटारबी मुतस व्हय!" सगळा मांडव हसला. कौतिकही हसला. नाकात एक उग्र, गोडसर वास शिरला, पण मोटारीला मोटारीचा वास यायचाच, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. गोठ्यात शेणाचा वास आला म्हणून कुणी दचकतं का?

मोटार चालवणारा शालिग्राम तेवढ्यात त्याच्याकडं आला आणि साबण मागू लागला. पाहुणा अंघोळीला साबण मागतो म्हटल्यावर कौतिकनं लग्नासाठी आणलेली सुवासिक वडी कागदासकट पुढं केली. शालिग्राम म्हणाला, हा नको, कपड्याचा द्या, कडक असेल तो. कौतिकला वाईट वाटलं. व्याह्यांच्या माणसानं कपड्याच्या साबणानं अंघोळ करावी म्हणजे आपली शोभा, असं वाटून तो पुन्हा आग्रह करू लागला. शेवटी शालिग्रामनं धुण्याच्या दगडावरचा तुकडा स्वतःच उचलला आणि तो बोटांत मळत मोटारीखाली शिरला. तो तिथं काय करतोय हे पाहायला कौतिकला सवड नव्हती. मुलीच्या बापाला पाठवणीच्या दिवशी स्वतःचं नाक पुसायलाही सवड नसते.

पाठवणी झाली. नवरदेव पुढं शालिग्रामच्या शेजारी बसला. मागं झुलालशेठ, विहीणबाई आणि मधे वच्छला. सुंदरबाईनं लाल फडक्यात बांधलेली शिदोरी लेकीच्या मांडीवर दिली. दिवा कौतिकनं स्वतः आणला. वच्छलानं तो हातात घ्यायला हात पुढं केला, पण मोटार हलली, हात हलला, काच फुटली तर काय, असं त्याच्या मनात आलं. त्यानं वाकून दिव्याचं घर तिच्या दोन्ही पायांच्या मधे, मोटारीच्या फळ्यांवर नीट बसवलं.

"शिदोरी मांडीवर ऱ्हाऊ दे, दिवा पायजोडे," तो म्हणाला. "तठे वारा लागाव नही. काहीबी व्हवो, दिवा विझू देऊ नको, बेटा."

"नही देवाव, आबा," वच्छला म्हणाली. तिचं नाक रडून लाल झालं होतं. तानूसारखंच नाक. कौतिकनं तोंड फिरवलं.

मोटार गुरगुरली, खोकली, धूर सोडून चालती झाली. पोरं वेशीपर्यंत मागं धावली. बायका पदर डोळ्यांना लावून आत वळल्या. मांडव एकदम रिकामा रिकामा दिसू लागला. वनानं खांबाला टेकून बिडी काढली, काडी ओढली, बिडी पेटवली आणि जळती काडी सवयीनं खाली टाकली.

ती मोटारीच्या डागावर पडली. भप्प असा आवाज झाला आणि जमिनीतून कमरेएवढी ज्वाळा उठली. मांडवाला लावलेली आंब्याची पानं चुरचुरली. वना किंचाळून मागं पडला. दोघातिघांनी धूळ लोटली, कुणी पाण्याची घागर ओतली, तर आग पाण्यावर तरंगत पुढं सरकली. शेवटी ओली पोती टाकली तेव्हा ती विझली. लोक घाबरले आणि मग, काही जळलं नाही असं पाहून, हसायला लागले. वनाच्या मिशीचं एक टोक झडलं होतं, त्यावर विनोद सुरू झाले.

कौतिक मात्र होता तिथंच उभा राहिला. तोच उग्र, गोडसर वास आता त्याच्या घशात बसला होता. हा डाग मोटारीखालचा. मोटारीत असंच पाणी भरलेलं असणार, तेच गळतंय. साबण अंघोळीला नव्हता, भोक बुजवायला होता. आणि त्या गळतीच्या शेजारी, वारा लागू नये म्हणून, त्यानं आपल्या हातानं दिवा ठेवला होता. लेकीच्या पायांमधे. विझू देऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि वच्छला बापाचं ऐकणारी होती.

मोटार गाठायची कशी? दमणीचे, म्हणजे हलक्या गाडीचे, बैल चरायला सोडलेले. हाताशी एकच जनावर होतं, ते म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीसाठी आणलेली पांढरी घोडी. पाठीवर जरीची झूल, कपाळाला गोंडे, गळ्यात घुंगरांचा पट्टा. कौतिक फेटा बांधलेलाच होता, तसाच वर चढला.

"आबा, घोडीवर कथा चालनात?" वनानं विचारलं.

"पोरले सांगानं ऱ्हायी गयं."

"अहो, वाटे लायेल पोरना मांगे बाप जास का? लोक काय म्हंतीन?"

लोक काय म्हणतील ते वेशीतच कळलं. पारावरचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच बरं का!" आणि सगळा पार हसला. कौतिकनं ऐकलं. एरवी त्यानं त्या म्हाताऱ्याच्या तीन पिढ्या काढल्या असत्या, पण आता त्यानं नुसती घोडीला टाच मारली.

घोडी गरीब होती, पण तिचा सगळा जन्म लग्नांत गेलेला. पळणं तिला ठाऊकच नव्हतं. टाच मारली की ती मान वाकवून, पाय उचलून उचलून नाचत चालायची. कौतिकनं बाभळीचा फोक तोडून मारला तेव्हा कुठं ती दुडक्या चालीला लागली. वैशाखाचं ऊन वर आलं होतं. सडकेवर मोटारीच्या चाकांच्या दोन रेघा होत्या आणि त्यांच्या मधे, थोड्या थोड्या अंतरावर, काळपट ठिपके. तो ठिपके पाहत चालला. ठिपके बारीक होते तोवर त्याचा जीव जरा थाऱ्यावर राहिला. मग ते मोठे होत गेले.

पहिलं गाव आलं. वेशीतच मारुती. घोडी देवळासमोर आली आणि खांब रोवल्यासारखी उभी राहिली. नवरदेव मारुतीच्या पाया पडल्याशिवाय पुढं जात नाही, हे तिला बाळपणापासून शिकवलेलं. कौतिकनं फोक मारला, लगाम ओढला, शिव्या दिल्या, हात जोडले. घोडीनं कान हलवले. ती वाजंत्री वाजायची आणि नारळ फुटायची वाट पाहत होती. शेवटी तो खाली उतरला, पळत जाऊन मारुतीच्या पायांवर डोकं टेकलं, परत येऊन वर चढला, तेव्हा ती हलली. पुढच्या गावात पुन्हा तेच. तिथं दोन पोरी पाणी भरून येत होत्या. रिकाम्या रस्त्यावर फेटा बांधलेला म्हातारा नवरदेव पाहून त्या हसून हसून घागरी सांडत बसल्या. कौतिकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांना घामासारखं दिसलं असेल.

"मारुतीराया," तो वाटेनं म्हणत होता, "दिवा विझू दे." आणि म्हणता म्हणता त्याला तानू आठवायची आणि जीभ जागच्या जागी थांबायची. मग तो नुसतंच "मारुतीराया, मारुतीराया" म्हणायचा. देवाकडं काय मागायचं हेही कळू नये, अशी पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

मुकटी गाव दिसलं तेव्हा सडकेच्या कडेला, निंबाच्या सावलीत, मोटार उभी होती. जळलेली नव्हती. कौतिकला आधी तेवढंच दिसलं. मग माणसं दिसली. झुलालशेठ खाली उभे होते, विहीणबाई दगडावर बसल्या होत्या, नवरदेव कट्यारीची मूठ चाळवत होता, शालिग्राम मोटारीखाली पालथा पडला होता आणि मुकटीतली पाचपंचवीस माणसं भोवती जमली होती. मोटारीत एकटी वच्छला बसली होती. घर सोडल्यापासून सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत नवरीनं भुईला पाय लावायचा नाही, ही दुसरी रीत. सगळे उतरले, नवरी तशीच गळत्या मोटारीत.

तिच्या पायांमधल्या काचेच्या घरात ज्योत नव्हती.

कौतिक घोडीवरून उतरला, म्हणजे जवळजवळ पडलाच. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं. लेक जिवंत होती, दिवा विझला होता, आणखी काय पाहिजे? पण त्यानं भोवतीची तोंडं पाहिली आणि हसू आतल्या आत राहिलं.

झालं होतं ते असं. चढाला लागल्यावर पुढच्या बैठकीखालून ओल मागं आली होती. वच्छला म्हणाली, वास येतोय. विहीणबाई म्हणाल्या, मोटारीला यायचाच. थोड्या वेळानं तिनं पाहिलं, फळीवरून पाण्यासारखी एक रेघ दिव्याकडं सरकत होती. तिनं पत्र्याचं दार उघडलं आणि दोन बोटांच्या चिमटीत वात विझवली. कुणाला विचारलं नाही. मग मोटार आपोआपच बंद पडली, कारण इंजिनापर्यंत जायला पेट्रोल नळीत उरलंच नव्हतं.

"मन्हा पायले वल्लं लागनं," ती एकदाच म्हणाली होती. आता तिनं बापाकडं पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. आबा आले, आता सांगतील, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

झुलालशेठ पुढं आले. "या व्याही. पण तुम्ही कसे काय आलात?"

एवढा सरळ प्रश्न. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मोटार पेटेल, दिवा काढा, हेच सांगायला आलो, आणि पोरीनं केलं ते बरं केलं. कौतिकनं तोंड उघडलंही. तेवढ्यात विहीणबाई दगडावरून म्हणाल्या, "पाहा आपली सुनबाई! सोताना हाते दिवा विझाडा. थोरलीना वाराखाल विझना व्हता म्हणे. इनी तर आपलाच हाते!"

थोरलीचं नाव निघालं आणि कौतिकचं तोंड तसंच उघडं राहिलं. पाचपंचवीस माणसं त्याच्याकडं पाहत होती. मुलीला दिवा विझव म्हणून सांगायला बाप घोड्यावर बसून येतो, हे एकदा बोललं गेलं की धुळ्यापर्यंत पोचणार, आणि त्याचं ओझं वच्छलाला जन्मभर वाहावं लागणार.

"शिदोरी," तो म्हणाला. "पोरनी शिदोरी ऱ्हायी गयी घर. ती देवाले ऊनू."

सगळ्यांनी त्याच्या हातांकडं पाहिलं. हात रिकामे.

"वाटमा पडी गयी वाटते," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. झुलालशेठही हसले आणि म्हणाले, अहो, धुळ्यात जेवायला मिळतं. वच्छला हसली नाही. तिनं शालूचा पदर पुढं ओढून मांडीवर पसरला आणि मान खाली घातली. नव्या नवरीला लाज वाटली असेल, असं कौतिकला वाटलं.

मग बोलणी सुरू झाली. विहीणबाई वाईट नव्हत्या. त्यांचा एकच मुलगा, घरात पहिलं कार्य, आणि विझलेला दिवा उंबऱ्यातून आत न्यायला त्यांचं मन धजत नव्हतं. "आम्हना घरमा विझेल दिवा येवाव नही," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. झुलालशेठ घड्याळाकडं पाहत होते. धुळ्यात वेशीवर बँड उभा होता, पाहुणे उपाशी होते. कौतिकनं भीत भीत विचारलं, पोरीला बैलगाडीतून आणलं तर? झुलालशेठ म्हणाले, मोटार मोकळी आणि मागं नवरी बैलगाडीत, म्हणजे गावभर तमाशा. मग त्यानं विचारलं, दिवा तेवढा मागून दुसऱ्या गाडीनं पाठवला तर? नवरी एकीकडं आणि दिवा दुसरीकडं, हे ऐकून जमलेल्या बायकांनीच कानांवर हात ठेवले.

"पण हाई गळस ना," कौतिक शेवटी म्हणाला.

शालिग्राम मोटारीखालून बाहेर आला. त्याच्या बोटांना साबण चिकटला होता. "नळीले चीर पडेल शे, आबा. साबण दाबी दिधा, वर चिंधी बांधी. आते थेंबबी गळाव नही. धुळ्याले नवी नळी टाकसू." तो खोटं बोलत नव्हता. आजवर साबणावरच त्यानं कितीतरी वराती पोचवल्या होत्या.

तोडगा काढला तो मुकटीच्या मारुतीच्या गुरवानं. भला माणूस. तो म्हणाला, माहेरची ज्योत गेली ती गेली, पण बाप आयताच आलेला आहे. देवापुढची समई बारा महिने तेवते. तिच्यावर बापानं आपल्या हातानं दिवा लावावा आणि आपल्या हातानं पोरीला द्यावा, म्हणजे ती माहेरचीच ज्योत. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ऊन पडल्यासारखं झालं. विहीणबाईंनी डोळे पुसले. झुलालशेठ म्हणाले, "बघा, देवानंच तुम्हाला पाठवलं!" मुकटीकरांनी मारुतीचा जयजयकार केला. एवढ्या माणसांचा आनंद मोडायला जी छाती लागते ती कौतिकजवळ नव्हती.

तो देवळात गेला. समईवर वात धरली. दिवा लागला. काचेचं दार लावून तो बाहेर आला आणि मोटारीकडं चालू लागला. वारा सुटला होता, निंबाची पानं उडत होती, धुळीचा लोट अंगावर आला. विझ, तो मनात म्हणाला. विझ गं माय. ज्योत हलली नाही. त्यानंच ते घर तसं करून घेतलं होतं.

त्याला ठेच लागून पडता आलं असतं. काच फोडता आली असती. त्याच्या मनात हे आलं नाही असं नाही, पण पाय सरळ चालत राहिले. त्याला आगीची भीती वाटत होती आणि विझलेल्या दिव्याचीही, आणि खरं सांगायचं तर दोन्हींत मोठी कोणती हे त्या वेळी त्याला सांगता आलं नसतं. तानू दिव्यानंच गेली, असं तोच तर इतकी वर्षं म्हणत आला होता.

मोटारीपाशी वास होता. कमी, पण होता.

"हातमा धर, बेटा," तो हळूच म्हणाला. "पायजोडे नको."

वच्छलाचे दोन्ही हात पदराखाली मांडीवर होते. ते तिनं बाहेर काढले नाहीत. क्षणभर तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, मग पाय थोडे बाजूला घेतले. विहीणबाई पलीकडून चढत म्हणाल्या, "ठेवा तठेच, याही, जठे व्हता तठेच." कौतिकनं वाकून पेटता दिवा फळ्यांवर ठेवला. फळी ओली होती. त्याच्या बोटांना ती ओल लागली.

मोटार सुरू झाली. कौतिक सडकेच्या मधोमध उभा राहिला. फागण्याच्या बाजूला धुळीचा ढग लहान लहान होत गेला, आणि तो कान देऊन ऐकत राहिला. मांडवात ऐकलेला तो भप्प आवाज किती लांबून ऐकू येईल, याचा तो विचार करत होता.

दुपारभर तो मुकटीतून हलला नाही. धुळ्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला तो आडवा जायचा. मोटार दिसली का? नवरी होती का? काही जळताना दिसलं का? लोकांना वाटलं ऊन लागलं. उतरत्या उन्हात कडबा घेऊन येणारा एक जण म्हणाला, हो तर, धुळ्याच्या वेशीत बँड वाजत होता, मोटारीत नवरी होती, हातात काचेतला दिवा घेऊन बसली होती. कौतिकनं त्याचे पाय धरले. मग तो घोडीच्या मानेत तोंड खुपसून मोठमोठ्यानं रडला. घोडी मारुतीसमोर उभी होती, ती हलली नाही.

काही झालं नाही, ते नाहीच. श्रावणात तीच मोटार सोनगीरच्या वाटेवर जळाली. आत उतारू नव्हते, पण शालिग्रामचे दोन्ही हात भाजले. बातमी आली तेव्हा झुलालशेठनं मुद्दाम निरोप धाडला, आपल्या सुनेजवळ मारुतीची ज्योत होती म्हणून आपण वाचलो. गावानंही तेच धरलं. पारावरचा म्हातारा कौतिकच्या घोड्यावरच्या फेरीला आता नवस म्हणू लागला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. पुढच्या वर्षी वच्छला आली, तीही बैलगाडीनं, हट्ट करून. अंगानं भरली होती, सासरी सगळं बरं होतं, विहीणबाई जीव लावत होत्या. ती झोक्यावर बसली, मैत्रिणींबरोबर गौराईची गाणी म्हणाली, आईच्या हातचे मांडे खाल्ले. कौतिकला वाटलं, विसरली. तो आत बाहेर करत तिला डोळे भरून पाहत होता.

दिवेलागणीला सुंदरबाई गोठ्यात होती. वच्छला देव्हाऱ्यापुढं समईत तेल घालत होती. कौतिक उंबऱ्यावर बसला होता. तिनं मान वर न करताच विचारलं,

"आबा, त्या दिन घोडीवर बशीसन तुम्ही कसाले ऊनथात?"

हे त्याला एवढ्या दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं. व्याह्यांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, आणि उत्तर मिळाल्यावर लोक पुढं जातात. कौतिकनं तेच उत्तर पुन्हा काढलं.

"सांगं ना व्हतं तवय. तुन्ही शिदोरी..."

वच्छलानं काडी ओढली. वात पेटली. काडी तिनं हातात धरून ठेवली, पूर्ण विझेपर्यंत, आणि मग उंबऱ्यापासून लांब, पाण्याच्या भांड्यात टाकली.

"शिदोरी तं मन्हीच मांडीवर व्हती, आबा," ती म्हणाली.